ॲप्ट अडून बसलं की आधी काय, मग काय: उबुंटू-डेबियनवर पॅकेजांचे झगडे सोडवण्याचा क्रम

उबुंटू आणि डेबियन या लिनक्सांवर पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामचे गठ्ठे, टाकण्या-काढण्याचं काम ॲप्ट करतं. ‘अनमेट डिपेंडन्सीज’ (एका पॅकेजाला लागणारं दुसरं पॅकेज मिळत नाही) हे शब्द टर्मिनलवर दिसले की बहुतेक जण एररची ओळ गूगलमध्ये टाकतात, पहिल्या उत्तरातली कमांड उचलतात आणि सुडो (ॲडमिनचे हक्क देणारा शब्द) लावून चालवतात. तिनं भागलं नाही तर दुसरी, मग तिसरी. पाचव्या कमांडपर्यंत मूळ अडचण बाजूलाच राहते आणि तिच्यावर नव्या चार अडचणी चढतात. यातली प्रत्येक कमांड कुठे ना कुठे बरोबरच असते. चुकतो तो क्रम.

एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. एकाच मशीनवर दोन वेगळ्या रेपॉझिटरींतून (ॲप्ट पॅकेजं आणतं त्या नेटवरच्या साठ्यांतून) एकाच लायब्ररीच्या (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या) दोन व्हर्जन आल्या की झगडा लागतो. त्यामुळे ‘कोणतं पॅकेज अडलंय’ यापेक्षा ‘ते कुठून आलंय’ हा प्रश्न आधी सोडवायचा. खालचा सगळा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे.

उबुंटू २२.०४, २४.०४ आणि डेबियन १२ डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. डॅश, कोलन आणि बरोबरचं चिन्ह जिथे आहे तिथेच ठेवा.

## १. हात लावण्याआधी

आधी खरंच झगडा आहे का ते बघा. ‘कुड नॉट गेट लॉक’ असा मेसेज असेल तर काही बिघडलेलं नाही. दुसरं कुणीतरी ॲप्ट वापरतंय, एवढाच त्याचा अर्थ. उबुंटू सुरू झाल्यावर थोड्या वेळानं अनअटेंडेड-अपग्रेड्स ही सेवा मागच्या मागे सुरक्षा अपडेट टाकत असते. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

सावधान: लॉकची फाइल आरएम करून उडवू नका. नेटवर हा सल्ला जागोजागी आहे आणि तो वाईट आहे. एक प्रोसेस पॅकेज उलगडत असताना दुसरी आत घुसली तर डीपीकेजीचा (ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेजं बसवणाऱ्या साधनाचा) डेटाबेसच बिघडू शकतो.

मग जागा तपासा:

डीएफ -एच

रूट पार्टिशन किंवा /बूट भरलं असेल तर अपग्रेड मधेच अडतं, आणि त्यातून उठणारे एरर डिपेंडन्सीच्या एररसारखेच दिसतात. /बूट वेगळं पार्टिशन असेल तर ते जुन्या कर्नलांनी भरलेलं असण्याची शक्यता मोठी. आधी जागा करा, मग पुढचं.

आता बॅकअप. होम फोल्डरमधला महत्त्वाचा डेटा आणि /ईटीसी (सिस्टीमच्या सेटिंगचा फोल्डर) या दोन्हींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. टाइमशिफ्ट हे सिस्टीमची स्थिती जपणारं साधन असेल तर स्नॅपशॉट घ्या. व्हर्च्युअल मशीन असेल तर तिचा स्नॅपशॉट घ्या. शिवाय स्वतः मागून घेतलेल्या पॅकेजांची यादी फाइलीत ठेवा:

ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल > ~/पॅकेज-यादी

या यादीला दहा सेकंद लागतात. सगळं हाताबाहेर गेलं तर तीच कामी येते.

शेवटी स्क्रिप्ट ही कमांड चालवून टर्मिनलवरचं सगळं फाइलीत उतरवायला सुरुवात करा. एरर वर सरकून गेला, आता दिसत नाही, ही तक्रार मग उरत नाही.

## २. झगडा की अर्धवट राहिलेलं काम?

अपग्रेड चालू असताना लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली किंवा कुणी घाईनं कंट्रोल-सी दाबलं की काही पॅकेजं उलगडलेली पण सेट न झालेली राहतात. त्यानंतर काहीही टाकायला गेलं तरी ॲप्ट कुरकुर करतं. हा झगडा नव्हे. तपासा:

सुडो डीपीकेजी --ऑडिट

काही आलं नाही तर पुढच्या टप्प्यावर जा. यादी आली तर या दोन कमांड, याच क्रमानं:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

लोक नेमकी दुसरी आधी चालवतात. पहिली कमांड फक्त अर्धवट काम पुरं करते. नवं काही आणत नाही, काही काढत नाही. दुसरी मात्र गाडं चालू करण्यासाठी पॅकेजं काढूसुद्धा शकते. पहिलीनं भागत असेल तर दुसरीची जोखीम कशाला घ्यायची?

तपासणी: दुसरी कमांड ‘होय की नाही’ विचारेल तेव्हा ‘विल बी रिमूव्ह्ड’ या शीर्षकाखालची यादी पूर्ण वाचा. ओळखीचं एकही नाव दिसलं तर ‘एन’ दाबून बाहेर या.

याच टप्प्यावर आणखी दोन खोट्या अलार्मांचा निकाल लावा. ‘केप्ट बॅक’ असं लिहून काही पॅकेजं मागे ठेवलेली दिसतात. उबुंटूत २१.०४ पासून ॲप्ट टप्प्याटप्प्यानं येणारे अपडेट पाळतं: नवं अपडेट आधी थोड्या मशीनांना मिळतं, मग हळूहळू सगळ्यांना. तुमचा नंबर अजून लागला नसेल तर पॅकेज मागे ठेवलं जातं. २४.०४ वर तर ‘डिफर्ड ड्यू टू फेजिंग’ असं स्पष्टच लिहून येतं. तिथे जबरदस्तीनं इन्स्टॉल करत बसू नका, काही दिवसांत ते आपोआप येईल.

दुसरा अलार्म म्हणजे तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या ॲडमिननं रोखून ठेवलेलं पॅकेज:

ॲप्ट-मार्क शोहोल्ड

इथे एखादं नाव दिसलं तर ते का रोखलं होतं ते आधी शोधा. सर्व्हरवर असं होल्ड बहुधा कुणीतरी विचार करून लावलेलं असतं.

## ३. एररची साखळी खालपर्यंत उतरा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून जरा सावकाश.

समजा उबुंटू २२.०४ वर वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) टाकायचं आहे. ॲप्ट म्हणतं: वाइन३२:आय३८६ ला (आय३८६ म्हणजे ३२-बिटची प्रत) लिबवाइन:आय३८६ हवं, पण ते इन्स्टॉल होणार नाही. का होणार नाही, हे सांगत नाही. बहुतेक जण इथे ‘वाइन बिघडलंय’ असं ठरवून वाइनच्या दुसऱ्या रेपॉझिटरीच्या शोधात निघतात आणि मशीनवर आणखी एक सोर्स, म्हणजे रेपॉझिटरीचा पत्ता, चढवतात.

ॲप्ट वरच्या पॅकेजचं नाव घेतं. अडचण तीन-चार पायऱ्या खाली असते. तिथवर पोचायचं तर ज्या पॅकेजचं नाव एररमध्ये आलं तेच मागायचं. लिबवाइन:आय३८६ मागा, मग त्यानं ज्याचं नाव घेतलं ते मागा, मग त्याखालचं. ही साखळी लिबग्लिब२.०-०, त्याखाली लिबसेलिनक्स१ आणि शेवटी लिबपीसीआरई२-८-० अशी उतरू शकते. तळाशी पोचलात की मेसेजची भाषा बदलते. ‘इन्स्टॉल होणार नाही’ जाऊन ‘ब्रेक्स’ हा शब्द येतो आणि त्याच्यापुढे व्हर्जनचे दोन आकडे दिसतात: एक १०.४२, दुसरा १०.३९.

म्हणजे ६४-बिटची लायब्ररी मशीनवर १०.४२ आहे आणि ३२-बिटची मिळतेय ती १०.३९. एकाच लायब्ररीच्या दोन्ही आर्किटेक्चरच्या प्रती शेजारी नांदवायच्या तर त्यांची व्हर्जन अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी लागते, कारण त्यांच्या काही फाइली सामाईक असतात. वाइनचा यात काडीचा दोष नाही.

साखळी हातानं उतरण्याचा कंटाळा असेल तर ॲप्टिट्यूड टाकून ‘ॲप्टिट्यूड व्हाय-नॉट’ आणि पुढे पॅकेजचं नाव लिहा. उत्तर बहुधा बरं येतं. तरी पहिल्या एक-दोन वेळा हातानंच उतरा. एरर वाचायची सवय त्यातूनच लागते.

सावधान: साखळी उतरताना प्रत्येक कमांडला --सिम्युलेट जोडा. मग ॲप्ट फक्त काय करेल ते सांगतं, करत काही नाही. खाली उतरताना एखादं पॅकेज चुकून इन्स्टॉल झालं तर चित्रच बदलतं आणि तपास पहिल्यापासून करावा लागतो.

## ४. माल कुठून आला ते शोधा

तळाचं नाव हाती लागलं की:

ॲप्ट पॉलिसी लिबपीसीआरई२-८-०

खाली व्हर्जनांचा तक्ता येतो. ज्या ओळीपुढे तीन तारे आहेत ती सध्या बसलेली व्हर्जन. तिच्याखाली ती कोणत्या पत्त्यावरून मिळते ते लिहिलेलं असतं, आणि डावीकडे प्राधान्याचा आकडा. नेहमीच्या रेपॉझिटरीला ५०० असतो. प्राधान्य सारखं असलं की ॲप्ट सर्वांत मोठा व्हर्जन आकडा निवडतं. एखाद्या पीपीएतली (अधिकृत साठ्याबाहेरच्या, इतर कुणी चालवलेल्या रेपॉझिटरीतली) लायब्ररी अधिकृत लायब्ररीला गुपचूप बाजूला सारते ती याच नियमानं. वरच्या उदाहरणात १०.४२ ही पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या व्हर्जन देणाऱ्या पीपीएतून आलेली असते. पीएचपी हवं होतं, बरोबर लायब्ररीही आली, आणि त्या पीपीएत ३२-बिटची जोडी नाही.

ताऱ्यांच्या ओळीखाली एकही नेटचा पत्ता नसेल, फक्त /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस आणि १०० हा आकडा असेल, तर ते पॅकेज अनाथ आहे. आज चालू असलेली कोणतीही रेपॉझिटरी ते देत नाही. उबुंटूचं मोठं अपग्रेड झालं की असे अनाथ हमखास उरतात, कारण अपग्रेड करताना बाहेरचे सोर्स बंद केले जातात पण त्यांतून आलेली पॅकेजं तशीच राहतात. सगळ्यांची यादी एकदम काढायची तर:

ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड | ग्रेप लोकल

आता सोर्सच्या फाइली उघडा. त्या /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट आणि /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी इथे असतात. उबुंटू २४.०४ पासून मुख्य सोर्स सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरमधल्या उबुंटू.सोर्सेस या फाइलीत गेला आहे. जुनी फाइल रिकामी दिसली म्हणून तिच्यात नव्यानं ओळी भरू नका.

तपासणी: प्रत्येक फाइलीत रिलीजचं सांकेतिक नाव बघा. २२.०४ ला जॅमी, २४.०४ ला नोबल, डेबियन १२ ला बुकवर्म. नोबलच्या मशीनवर जॅमीची एक ओळ शिल्लक असली तरी झगड्याला तेवढं पुरतं. डेबियनच्या मशीनवर उबुंटूचा पीपीए दिसला तर पुढे शोधायची गरजच नाही, गुन्हेगार सापडला.

## ५. सोर्स आधी, पॅकेज नंतर

पॅकेज काढून पुन्हा टाकण्यानं काही होत नाही. सोर्स तसाच असेल तर ॲप्ट तीच व्हर्जन परत आणतं. म्हणून नको असलेला सोर्स बंद करा. फाइल डिलीट करू नका. जुन्या पद्धतीच्या फाइलीत ओळीच्या सुरुवातीला हॅश टाका, नव्या पद्धतीच्या फाइलीत ‘इनेबल्ड: नो’ अशी ओळ लिहा. मग सुडो ॲप्ट अपडेट.

सोर्स बंद केल्यानं बसलेलं पॅकेज आपोआप खाली येत नाही. ते आता अनाथ होतं, एवढंच. त्याला अधिकृत व्हर्जनवर आणावं लागतं. पीपीए असेल तर पीपीए-पर्ज हे छोटं साधन टाका. ते पीपीए बंदही करतं आणि त्यातली पॅकेजं अधिकृत व्हर्जनवरही आणतं, त्यामुळे ते वापरायचं असेल तर आधी हातानं बंद करू नका. एकदोन पॅकेजांचाच प्रश्न असेल तर पॉलिसीच्या तक्त्यातला अधिकृत आकडा जसाच्या तसा उचलून द्या:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबपीसीआरई२-८-०=१०.३९-३उबुंटू०.१ --सिम्युलेट

उत्तर वाचा. पीपीएतल्या पीएचपीला नवी लायब्ररीच लागत असेल तर काढायच्या यादीत पीएचपी दिसेल. इथे ठरवावं लागतं: या मशीनवर वाइन हवं की ते पीएचपी? दोन्ही हवी असतील तर माझं मत सरळ आहे. मूळ सिस्टीम अधिकृत रेपॉझिटरीवर ठेवा आणि नवं पीएचपी डॉकरमध्ये (मूळ सिस्टीमपासून वेगळ्या बंद डब्यात) चालवा. पिनिंगच्या, म्हणजे कोणत्या सोर्सला किती प्राधान्य ते हातानं लिहिण्याच्या, कसरती करून दोन्ही एकत्र बसवता येतात, पण पुढच्या अपडेटला त्या पुन्हा सांभाळाव्या लागतात.

यादी पटली की --सिम्युलेट काढून तीच कमांड चालवा.

सावधान: यादीत उबुंटू-डेस्कटॉप, नोम-शेल, सिस्टमडी, पायथन३ किंवा नेटवर्क-मॅनेजर यांपैकी काही दिसलं तर थांबा. २०२१ साली लायनस टेक टिप्स या यूट्यूब चॅनेलवर पॉप ओएस या उबुंटूवर आधारलेल्या लिनक्समध्ये स्टीम हे गेमचं ॲप टाकताना हेच घडलं. ॲप्टनं डेस्कटॉप काढणार असल्याचा इशारा दिला आणि ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य टाइप करायला सांगितलं. ते टाइप झालं आणि डेस्कटॉप गेला. त्यानंतरच्या ॲप्टमध्ये ही पळवाट बरीच अरुंद केली आहे, पण पायथन३ हातानं काढणाऱ्याला आजही कुणी वाचवू शकत नाही.

सावधान: लिबसी६ खाली आणायच्या भानगडीत पडू नका. जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा आहे. डेबियनच्या स्टेबल (स्थिर) आवृत्तीत टेस्टिंगचा (अजून घडत असलेल्या पुढच्या आवृत्तीचा) सोर्स घालून ‘एकच पॅकेज’ आणायला गेलं की बरेचदा हीच लायब्ररी वर जाते, आणि तिथून परतीचा रस्ता नाही. नवं पॅकेज हवंच असेल तर डेबियनच्या बॅकपोर्ट्समध्ये (स्टेबलसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजांत) बघा.

## ६. दोन पॅकेजं, एकच फाइल

हा झगडा वेगळ्या जातीचा. डिपेंडन्सी जुळतात, डाउनलोड होतं, आणि उलगडताना डीपीकेजी थांबतं: ‘ट्राइंग टू ओव्हरराइट’, पुढे फाइलीचा पत्ता आणि ती आधीच कोणत्या पॅकेजकडे आहे त्याचं नाव.

उबुंटू २२.०४ वर याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे नोडजेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम). उबुंटूचं स्वतःचं नोड १२ आधी टाकलेलं असतं. मग नोडसोर्सच्या रेपॉझिटरीतून नवं नोड घ्यायला गेलं की /यूएसआर/इन्क्लूड/नोड/कॉमन.जिपी या फाइलीवर गाडी अडते. ती फाइल लिबनोड-डेव्ह या जुन्या पॅकेजच्या ताब्यात आहे.

इथे सगळीकडे सापडणारा सल्ला म्हणजे --फोर्स-ओव्हरराइट. त्यानं फाइल नव्या पॅकेजच्या मालकीची होते आणि जुनं पॅकेज तिच्याविना, मोडक्या अवस्थेत बसून राहतं. एरर जातो, घोळ राहतो. बरोबर रस्ता असा:

१. डीपीकेजी --सर्च आणि फाइलीचा पत्ता देऊन मालक नक्की करा.
२. ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स --इन्स्टॉल्ड लिबनोड-डेव्ह करून त्या मालकावर आणखी कोण अवलंबून आहे ते बघा.
३. सुडो ॲप्ट रिमूव्ह लिबनोड-डेव्ह. आधी सिम्युलेट, अर्थातच.
४. सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, आणि मग नोडजेएस पुन्हा.

रिमूव्हच अडून बसलं आणि चौथी पायरी आधी मागू लागलं तर लिबनोड-डेव्हला सुडो डीपीकेजी --रिमूव्हनं काढा. डीपीकेजी फक्त सांगितलेलंच पॅकेज काढतं, पसारा वाढवत नाही.

नेटवरून उतरवलेली डेब फाइल टाकताना डीपीकेजीऐवजी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइलीचं-नाव.डेब’ वापरा. बिंदू-तिरकी रेघ विसरलात तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज रेपॉझिटरीत शोधत बसतं. डीपीकेजी डिपेंडन्सी आणत नाही, अर्धवट टाकून मोकळं होतं. निम्मे ‘अनमेट डिपेंडन्सीज’ तिथेच जन्माला येतात.

## ७. पायथनची भानगड

सुडो पिप इन्स्टॉल करू नका (पिप म्हणजे पायथनचे मॉड्यूल आणणारं साधन). सिस्टीमचं पायथन जिथे मॉड्यूल शोधतं अशाच एका जागी पिप स्वतःचे वेगळ्या व्हर्जनचे मॉड्यूल आणून सिस्टीमच्या मॉड्यूलांना झाकू शकतं, आणि ॲप्टला याचा पत्ता नसतो. डेबियन १२ पासून पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून नकार देतं. त्यावर --ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस लावणं हा उपाय नव्हे. त्या पर्यायाच्या नावातच परिणाम लिहिलाय. प्रोजेक्टसाठी व्हेनव्ह, कमांड-लाइन साधनांसाठी पिपएक्स वापरा. दोन्ही आपले मॉड्यूल सिस्टीमपासून वेगळे ठेवतात.

पायथन३ ही कमांड अपडेट-अल्टरनेटिव्ह्जनं नव्या पायथनकडे वळवणं हीसुद्धा नेहमीची चूक. मग ‘ॲप्ट_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही’ असा एरर येतो आणि ॲड-ॲप्ट-रेपॉझिटरीसारखी साधनं बंद पडतात. लिंक मूळ व्हर्जनकडे वळवली की सगळं ठीक होतं. नवं पायथन त्याच्या पूर्ण नावानं, म्हणजे पायथन३.१३ असं हाक मारून वापरा.

## ८. काम झालं हे कशावरून

सुडो ॲप्ट-गेट चेक

सुडो ॲप्ट अपडेट

सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड --सिम्युलेट

पहिलीनं एकही एरर दाखवू नये. दुसरीत कोणत्याही सोर्सबद्दल इशारा नसावा. तिसरीत काढायच्या पॅकेजांचा आकडा शून्य असावा. नसेल तर एकेक नाव तपासा. ॲप्ट ऑटोरिमूव्ह आत्ता चालवू नका. झगडा सोडवताना बऱ्याच पॅकेजांच्या खुणा ‘आपोआप आलेलं’ अशा बदललेल्या असू शकतात, आणि ऑटोरिमूव्ह त्यांनाही घेऊन जाईल. पहिल्या टप्प्यात जपलेल्या यादीशी ताडून बघा, मग चालवा.

बाहेरचा सोर्स ठेवावाच लागणार असेल तर /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी मध्ये पिन लिहा: त्या सोर्समधल्या सगळ्याला प्राधान्य १००, आणि तुम्हाला हव्या असलेल्या पॅकेजापुरतं ५००. १००० किंवा त्याहून मोठा आकडा देऊ नका. तो व्हर्जन खालीसुद्धा खेचतो. पिन लिहिल्यावर ॲप्ट पॉलिसी पुन्हा चालवून आकडे खरंच बदलले का ते बघा. नावात एक अक्षर चुकलं तरी पिन काही न बोलता निकामी राहतो.

मधेच काही उलटवायचं असेल तर /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग उघडा. कोणत्या कमांडनं काय टाकलं, काय काढलं, कोणत्या व्हर्जनवरून कोणत्या व्हर्जनवर नेलं, सगळं वेळेसकट तिथे असतं.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर ॲप्टच्या जागी डीएनएफ असतं. नावं बदलतात, क्रम तोच. डीएनएफ चेकनं तपासा, डीएनएफ डिस्ट्रो-सिंकनं सगळं अधिकृत व्हर्जनवर आणा, चुकलं तर डीएनएफ हिस्टरी अनडू. तिथे --अलाउइरेझिंग (अडणारी पॅकेजं काढायची मुभा) लावण्याआधी यादी वाचायची. आर्च लिनक्सवर पॅकमॅननं (तिथल्या ॲप्टनं) फक्त डेटाबेस ताजा करून एकच पॅकेज टाकणं बंद करा. अर्धवट अपग्रेडला तिथे आधार नाही, आणि तिथल्या बऱ्याच झगड्यांचं मूळ तेच आहे.

लिबसी६ वर गेली असेल किंवा अनाथ पॅकेजांची यादी दोन-तीन पानं भरत असेल तर दुरुस्तीत दिवस घालवू नका. होम फोल्डर हलवा, नव्यानं इन्स्टॉल करा आणि जपलेल्या यादीतली पॅकेजं फक्त अधिकृत रेपॉझिटरीतून परत आणा. जी तिथे मिळणार नाहीत त्यांची वेगळी यादी करा आणि त्यातल्या प्रत्येकाला डॉकर, फ्लॅटपॅक किंवा पिपएक्स यांपैकी काय चालेल ते बघा.